सहीच्या भीतीने औषधाच्या दुकानात

रायपूरच्या उत्तरेला उरला. पोलादाच्या रोलिंग मिल, धूर आणि बिरगावच्या बाजूला दाटीवाटीने उभ्या कामगारांच्या खोल्या. इथे नको असताना दिवस गेले, तर बाई जाते कुठे? ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या पाहणीच्या अंदाजानुसार २०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. म्हणजे बाई पहिल्यांदा जाते ती जागा बहुधा औषधाचं दुकान. उरल्यात काही वेगळं घडत असेल, असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

सरकारी दवाखाना असताना दुकान का? ‘पोट पाडणं हा गुन्हाच आहे’ ही समजूत बऱ्याच अंशी भिंतींनी पसरवली. भिंतीवर लिहिलेलं असतं, कन्या भ्रूणहत्या अपराध आहे. येता-जाता वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘कन्या’ गळून पडते आणि उरतो तो अपराध. वस्तुस्थिती अशी, की पोटातलं मूल मुलगा की मुलगी हे तपासायला बंदी आहे, ती १९९४च्या कायद्याने. गर्भपाताचा कायदा निराळा, १९७१चा, आणि तो १ एप्रिल १९७२पासून लागू आहे. त्याची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. अटींबाहेरचा गर्भपात आजही गुन्हा आहे, मात्र त्या अटी लोकांना वाटतात तितक्या अरुंद नाहीत.

सगळ्यात जास्त अडवतो तो सहीचा गैरसमज. ‘नवऱ्याला आणा, मग बघू.’ कायद्यात असं कुठेही नाही. बाई अठरा वर्षांची असेल आणि मानसिक आजारी नसेल, तर फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, बापाची नाही. अठराच्या आतल्या मुलीसाठी मात्र पालकाची लेखी संमती हवी. काही दवाखाने तरीही नवऱ्याची सही मागतात हे खरं. ती त्यांची सवय झाली, कायदा नव्हे. पण या सवयीपायीच नवरा दूरगावी असलेली किंवा नवऱ्याला कळू द्यायचं नसलेली बाई दुकानाच्या काउंटरवर जाऊन उभी राहते.

‘लग्न झालेलं नसेल तर करत नाहीत’ हेही चूक. २०२१च्या दुरुस्तीने ‘विवाहित स्त्री आणि तिचा पती’ हे शब्द जाऊन ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे आले. पुढे २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की चोवीस आठवड्यांपर्यंतच्या सवलतीतूनही अविवाहितेला वगळता येणार नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये दोघांचं लागतं, आणि तेही ठरावीक परिस्थितीत: बलात्कार, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणात वैधव्य किंवा घटस्फोट, अपंगत्व, गर्भातलं व्यंग वगैरे. गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यानंतरही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकतं. हिशेब मात्र नीट करावा. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, त्यामुळे पाळी चुकली त्या दिवशीच साधारण चार आठवडे झालेले असतात. ‘एकच महिना चुकलाय’ म्हणणारी बाई दोन महिन्यांची असते.

आता जागेचं. सरकारी रुग्णालयाला गर्भपातासाठी वेगळी मान्यता लागत नाही, खासगीला जिल्हा समितीची लागते, आणि ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. पाटी कितीही मोठी असो, ते दिसलं नाही तर परत फिरावं. रायपुरात मेकाहारा आहे. मेडिकल कॉलेज हॉस्पिटल रायपूर यांची आद्याक्षरं जोडून लोकांनी केलेलं हे नाव. कागदोपत्री ते डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय. टाटीबंधला एम्स आहे. गोंदियाकडून कामाला आलेल्या बाईला ‘तुम्ही इथल्या नाही’ असं सांगता येत नाही, कारण कायद्यात रहिवासाची अट नाही.

गोळ्यांबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. एकीकडे ‘विष आहे’, दुसरीकडे ‘डोकेदुखीच्या गोळीसारखी घ्या’. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही जोडी जगभर वापरली जाते आणि योग्य वेळी, योग्य प्रमाणात घेतली तर सुरक्षित आहे. भारतात नऊ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. दुकानात खोट असते ती गोळीत नव्हे. तिथे कोणी आठवडे विचारत नाही, आणि गर्भ पिशवीत आहे की नळीत, हेही कोणी बघत नाही. नळीत असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो. गोळ्या घेतल्यावर तासाला दोन पॅड भिजत असतील आणि दोन तास हेच चाललं असेल, ताप उतरत नसेल किंवा पोटात असह्य दुखत असेल, तर थांबू नये. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगावं. बहात्तर तासांची गोळी ती ही नव्हे. ती गर्भ राहू नये म्हणून असते, राहिलेल्या गर्भावर तिचा परिणाम होत नाही. पपईवर वेळ घालवणाऱ्यांचे फक्त आठवडे वाढतात.

‘एकदा पिशवी धुतली की पुन्हा मूल नाही’ ही भीती जुन्या, अस्वच्छ खोल्यांतल्या क्युरेटिंगमधून आली. नीट केलेल्या गर्भपाताने वंध्यत्व येत नाही. उलट दोनेक आठवड्यांतच पुन्हा दिवस राहू शकतात, म्हणून साधन काय वापरायचं ते त्याच भेटीत विचारून घ्यावं.

राहिली बोभाट्याची धास्ती. परवानगी नसलेल्या माणसाला बाईचं नाव सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. छत्तीसगडमध्ये २००२पासून मितानिन आहेत, आपल्याकडच्या आशाताईंच्याही आधीच्या, आणि त्या वाट दाखवतात. पण मितानिन त्याच मोहल्ल्यातली असते. तिला कळू द्यायचं नसेल तर तिला न सांगता थेट ओपीडीत जाता येतं.