तंबोऱ्याची खुंटी

घरातील तंबोरा सुरात राहीनासा झाला की आपण प्रथम तारेला दोष देतो, मग हवेला आणि अखेर तंबोऱ्यालाच. अंधेरी-बोरिवलीकडे काय किंवा घाटकोपर-मुलुंडकडे काय, कित्येक घरांत आईच्या वा आजीच्या गाण्याची आठवण म्हणून एखादा तंबोरा गवसणी घालून कोपऱ्यात उभा असतो. तो कामातून गेला असा निकाल देण्यापूर्वी त्याच्या एका लहानशा अवयवाची तपासणी व्हावी, एवढेच आज सांगावयाचे आहे. तो अवयव म्हणजे खुंटी.

खुंटी तार कशी धरून ठेवते, हे प्रथम पाहू. गिटारच्या चावीत मळसूत्र आणि दातेरी चाक असते. मळसूत्र चाकाला फिरवते. चाक मात्र मळसूत्राला उलट फिरवू शकत नाही. म्हणून तारेचा ताण असूनही चावी आपोआप उलगडत नाही. तंबोऱ्याच्या खुंटीस असा आधार नाही. निमुळती खुंटी निमुळत्याच छिद्रात बसते आणि दोन लाकडांच्या घर्षणावर तार तोलली जाते. हे घर्षण टिकावयाचे तर खुंटीने छिद्रास सर्व बाजूंनी सारखा स्पर्श केला पाहिजे.

हा स्पर्श दोन कारणांनी बिघडतो. पहिले कारण रोजच्या फिरवण्याने होणारी झीज. दुसरे हवेतील ओलावा. लाकूड आपल्या धाग्यांच्या दिशेने जवळजवळ मुळीच फुगत वा आकसत नाही. आडव्या दिशेने मात्र फुगते व आकसते, आणि त्यातही वाढीच्या वर्तुळांच्या रोखाने साधारण दुप्पट. त्यामुळे मूळची गोल खुंटी कालांतराने किंचित लंबगोल होते, आणि दांडीतील छिद्रही गोल राहत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात जी खुंटी अडकून बसते, तीच कोरड्या दिवसांत सैल पडते, ती यामुळेच.

आता परीक्षा. तंबोरा मिळवून झाल्यावर खुंटी आणि दांडी या दोहोंवरून जाईल अशी पेन्सिलीची एक बारीक रेघ ओढावी आणि तासाभराने पाहावे. सूर उतरला आणि रेघही तुटली, तर खुंटी फिरली हे निश्चित. सूर उतरला परंतु रेघ अखंड राहिली, तर खुंटी निर्दोष समजावी. तार नवी असल्यामुळे ताणत असेल किंवा तिची गाठ सरकत असेल. दुसरी परीक्षा खुंटी काढून करावी. खुंट्या एकेक करूनच काढाव्यात व प्रत्येकीवर खूण करावी, कारण प्रत्येक खुंटी आपापल्या छिद्रापुरतीच घडवलेली असते. खुंटीस थोडा खडू चोळून ती छिद्रात फिरवून पाहावी. खडू सभोवार सारखा पुसला गेला तर बैठक ठीक आहे. ठिकठिकाणीच पुसला गेला तर खुंटी तेवढ्याच जागी टेकते आहे. खुंटी आत जाता जाता तिची मूठ दांडीस भिडू लागली असेल, तर तिचे आयुष्य संपले.

किंचित सैल खुंटीस खडूने काही काळ आराम पडतो. तेल मात्र कधीही लावू नये, आणि खुंटी ठोकून बसवणे तर सर्वस्वी वर्ज्य मानावे. निमुळती खुंटी पाचरीचे काम करते. ठोक्याने दांडीस चीर गेली म्हणजे एका खुंटीचे काम साऱ्या दांडीवर येते.

खुंटी बदलावयाची झाल्यास वाद्यच कारागिराकडे न्यावे. जुनी खुंटी नमुन्यादाखल नेऊन तयार खुंटी आणल्यास मूठ जुळेल, निमुळतेपणा जुळेलच असे नाही. कारागीर प्रथम छिद्र निमुळत्या हत्याराने पुन्हा गोल करतो आणि मग किंचित जाड खुंटी त्यास बेताबेताने जुळवतो. छिद्र फारच मोठे झाले असेल, तर लाकडाचा तुकडा बसवून ते नव्याने पाडावे लागते.

हे कसब आपल्याकडे मिरजेने पिढ्यानपिढ्या जतन केले आहे. पंढरपूरकडचे भोपळे तेथे येतात आणि तंबोरे होऊन बाहेर पडतात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, ज्यांचे निधन १९३७ साली झाले, ते याच गावी स्थायिक झाले होते. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु मानांकनाने कसबाचा गौरव होतो; ते जगते घरोघरच्या दुरुस्तीच्या कामावर.

एका खुंटीसाठी एवढा खटाटोप कशाला, विजेचा तंबोरा आहेच की, असे कोणी म्हणेल. विजेच्या तंबोऱ्याची सोय नाकारण्याचे कारण नाही. पण तंबोरा स्वतः मिळवताना कान जे शिकतो, ते कळ दाबून शिकता येत नाही. उलट, सरकत्या खुंटीचा तंबोरा त्याहून घातक. षड्ज सावकाश उतरत जातो आणि शिकाऊ मुलाचा गळा नकळत त्याच्यामागे उतरतो. दोष मात्र मुलाच्या कानास लागतो.

यास्तव बारीक फरक मण्यांनी मिळवावा, खुंटीस विनाकारण शिणवू नये, आणि वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, चारही खुंट्यांवर पेन्सिलीची रेघ ओढून पाहावी. कोपऱ्यातील पुष्कळसे मुके तंबोरे मेलेले नसतात; त्यांची एखादी खुंटी तेवढी झिजलेली असते.