हेल्मेट तडकणार कुठे? कंप्युटरला आधी कसं कळतं?

मी धाडचा, बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आजचा प्रश्न एका श्रोत्याचा: प्लास्टिक हाताने वाकवलं तर वाकतं, मग आपटल्यावर तेच तडकतं कसं? आणि हे कंप्युटरवर आधी कळतं का?

आधी डांबर आठवा. रस्त्याकडेला पडलेला डांबराचा गोळा हळू दाबला तर दबतो, हातोडा मारला तर तुकडे उडतात. प्लास्टिकचंही तसंच. त्याचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. हळू ओढलं तर त्यांना एकमेकींवरून सरकायला वेळ मिळतो. झटका बसला की वेळच नाही, मग तडा! थंडीत तर हे सरकणं आणखी मंदावतं.

कंप्युटर काय करतो? हेल्मेटच्या कवचाचे बारीक तुकडे पाडतो, म्हणजे जाळी. प्रत्येक तुकडा किती ताणला गेला, हे क्षणाक्षणाला काढतो. क्षण केवढा? पॉलिकार्बोनेटमध्ये धक्क्याची लाट सेकंदाला साधारण १४०० मीटर धावते. १ मिलिमीटरचा तुकडा ती ०.७ मायक्रोसेकंदात पार करते. हिशोबाची पायरी याहून मोठी घेतली की गणित बिघडतं. म्हणजे १० मिलिसेकंदांच्या धडकेला जवळपास १४ हजार पायऱ्या!

खरी गोची तड्याची. तड्याच्या टोकाशी ताण प्रचंड वाढतो. 'इतका ताण आला की तुटलं' एवढाच नियम ठेवला, तर जाळी बारीक केली की उत्तर बदलतं. म्हणून तडा पुढे सरकायला किती ऊर्जा लागते, हे खरा नमुना फोडून मोजतात आणि मॉडेलला देतात. तोही धडकेच्याच वेगाने फोडलेला हवा. नाहीतर हेल्मेट स्क्रीनवर वाचेल, रस्त्यावर नाही.

म्हणूनच मॉडेल कितीही भारी असलं तरी खरी चाचणी सुटत नाही. आयएस ४१५१ या मानकात डोक्याच्या आकाराचा साचा घालून हेल्मेट ऐरणीवर आपटतात. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय मार्क सक्तीचा आहे.

तेव्हा भावांनो, फक्त पावती फाटू नये म्हणून रस्त्यावरचं बिनमार्कचं हेल्मेट घेऊ नका. कवच थिनर किंवा पेट्रोलने पुसू नका, त्याने प्लास्टिक आतून कमजोर होतं. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बदला: वरून ठीक दिसलं तरी आतलं थर्माकोल दबलेलं असतं, ते परत फुगत नाही.