आधी उत्तर, मग औषध

आयुर्वेदाच्या आठ अंगांमध्ये वाजीकरणास स्वतंत्र स्थान आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात योनिव्यापदांचा विचार स्वतंत्र अध्यायात आला आहे. सोळा वर्षांखालील स्त्री व पंचवीस वर्षांखालील पुरुष यांपासून होणाऱ्या गर्भाच्या धोक्याचा इशारा सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात दिलेला आहे. शास्त्रकारांनी हा विषय निःसंकोचपणे मांडला. संकोच आला तो पुढे, आमच्या चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांत.

सावलीसारख्या तालुक्याच्या गावी हा संकोच रोज अनुभवास येतो. दुकान बंद होण्याच्या वेळी, गिऱ्हाईक ओसरल्यावर एखादा तरुण येतो. इकडेतिकडे पाहून मोबाइल पुढे करतो आणि हळूच विचारतो, "साहेब, हे खरं आहे काय?" पडद्यावर कोणी गृहस्थ स्वप्नदोषाने शरीर पोखरले जाते असे ठासून सांगत असतो आणि शेवटी चूर्णाचा डबा दाखवितो. तरुणास उत्तर हवे असते. आम्ही त्यास बहुधा पुडी बांधून देतो.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्याच पडद्यावर चांगली माहिती देणारेही आहेत. 'डॉ. क्यूटेरस' या नावाने परिचित असलेल्या डॉ. तनया नरेंद्र यांच्यासारख्या वैद्यकीय पदवीधर व्यक्ती मासिक पाळी, गर्भनिरोधन, संसर्ग यांविषयी छोट्या चित्रफितींतून स्वच्छ भाषेत बोलतात. लाखो तरुण त्या पाहतात, कारण तेथे विचारणाऱ्याचे तोंड कोणास दिसत नाही. खऱ्याखोट्याची पारख मात्र पाहणाऱ्यावरच येऊन पडते. जो आधी भीती घालतो व लगेच औषध विकतो, त्याच्यापासून सावध राहावे, एवढी साधी कसोटी तरी आम्ही आमच्या रुग्णांस सांगितली पाहिजे.

प्रश्नोत्तरांची जुनी परंपरा

अशा प्रश्नांना जाहीर उत्तरे देणे महाराष्ट्रास नवीन नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात सरळ उत्तरे असत. या उत्तरांबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरीही दंड झाला. पुढे २००७ साली राज्यातील शाळांमधील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रमही विरोधामुळे थांबला. शाळेने दार लावले, घर तर आधीपासूनच मुके होते. मग मुलाने जावे कोठे?

वैनगंगेपलीकडचे उदाहरण

याचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. सावलीहून व्याहाडमार्गे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. तेथे डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' या संस्थेद्वारे काम उभे केले. डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची त्यांनी व सहकाऱ्यांनी तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग आढळले, सरासरी दर स्त्रीस ३.६. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या, आणि पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के.

या आकड्यांचा अर्थ आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने गंभीर आहे. जी स्त्री तक्रार सांगत नाही, ती निरोगी आहे असे गृहीत धरणे चूक ठरते. ती बोलत नाही, कारण तिला कोणी विचारीत नाही. डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांचे ऐकण्यापासून प्रारंभ केला. शरीराविषयीचे त्यांचे शब्द व समजुती समजून घेतल्या. 'कानोसा' हे त्यांचे पुस्तक त्यातूनच आले. 'गोईण'मध्ये त्यांनी येथील झाडे व स्त्रिया यांच्या नात्याची नोंद केली, ती वनौषधींशी संबंध असणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. तरुण मुलामुलींसाठी त्यांनी 'तारुण्यभान' शिबिरे घेतली. शरीर, प्रेम, विवाह, जबाबदारी या साऱ्यांविषयी त्यांत मोकळेपणाने बोलले जाते. आज चित्रफितींतून जे चालते, त्याचे हे समोरासमोरचे रूप होय. फरक इतकाच की येथे उत्तर देणारी व्यक्ती दुसऱ्या दिवशीही भेटते.

आपण काय करावे?

तो दुसऱ्या दिवशीचा माणूस आपण आहोत. गावातला वैद्य आणि औषधी विक्रेता यांस रुग्णाचे घर ठाऊक असते, त्याची भाषा ठाऊक असते. म्हणून काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात, असे आम्हास वाटते.

स्वप्नदोषाची चिंता घेऊन आलेल्या तरुणास हा तारुण्यातील स्वाभाविक प्रकार आहे, असे प्रथम सांगावे. शुक्रक्षयाच्या भीतीने येणारा थकवा व उदासी यांना डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. येथे धीर देणे हीच पहिली चिकित्सा असते. मध्यम वयात शैथिल्याची तक्रार आली तर मधुमेह व रक्तदाब तपासल्याशिवाय वाजीकर योग देऊ नये. अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीत दुर्गंधी, खाज वा ओटीपोटात दुखणे असल्यास तपासणीस पाठवावे. लैंगिक संसर्ग असल्यास पतीचाही उपचार करावा, नाहीतर रोग परत येतो. पाळी चुकलेल्या स्त्रीस पाळी आणण्याचा काढा देण्यापूर्वी गर्भाची खात्री करावी. अठरा वर्षांखालील मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे, हे विसरू नये.

विक्रेत्यांसाठी एक विशेष सूचना. 'शक्तिवर्धक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही वनस्पतिजन्य उत्पादनांत सिल्डेनाफिलची छुपी भेसळ वेळोवेळी आढळली आहे. हृदयरोगासाठी नायट्रेट घेणाऱ्या रुग्णाचा त्याने रक्तदाब एकाएकी कोसळून प्राण जाऊ शकतो. परवाना क्रमांक व उत्पादकाचा पूर्ण पत्ता नसलेला माल दुकानात ठेवू नये. लैंगिक शक्ती वाढविणे वा पाळीचे विकार बरे करणे यांसाठी औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. दुकानाबाहेरचा फलकही त्यातून सुटत नाही.

शास्त्रकारांनी आहार व निद्रा यांबरोबर ब्रह्मचर्यास शरीराचा उपस्तंभ मानले. भीती, अज्ञान व लाज यांतून घडलेला संयम मात्र आरोग्य देत नाही. योग्य ज्ञानाने आलेला संयमच टिकतो. तेव्हा दुकान बंद करण्याच्या वेळी तो तरुण पुन्हा आल्यास त्याला आत बोलवावे, बसावयास खुर्ची द्यावी आणि आधी त्याचा प्रश्न पूर्ण ऐकावा. फळीवरील डबा नंतरही काढता येईल; बहुतेक वेळा तो काढावाच लागणार नाही.