परकराचा धागा आणि दर्या

आपल्या रेडिओवर दर महिन्याला आपण बचत, कर्ज, आरोग्य असं काहीबाही बोलतो. आज बोलणार आहोत कपड्याबद्दल आणि समुद्राबद्दल. ऐकून हसू येईल. आमच्या मासिक बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक मावशी म्हणाल्याच, "अगं, आपण कृष्णाकाठची माणसं. दर्या मी टीव्हीतच बघितलाय. माझ्या परकराचा आणि त्याचा काय संबंध?"

प्रश्न अगदी बरोबर होता. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

आपली कृष्णा महाबळेश्वरला उगवते. तिथून पश्चिमेचा समुद्र जवळ, अवघ्या पासष्ट किलोमीटरच्या आसपास. पण सह्याद्रीच्या उतारामुळे ती निघते पूर्वेला. सातारा, सांगली, मग कर्नाटक, तेलंगणा, आंध्र, असा सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. घाटावर आपण धुणं पिळलं की ते पाणी या वाटेला लागतं. ओढ्याला सोडलेलं गटाराचं पाणीही शेवटी तिकडेच जातं. दर्या आपण पाहिला नसेल, पण आपलं धुणं त्याच्याकडे रोज जातं.

आता त्या धुण्यात काय असतं ते पाहू. कापसाचा धागा शेतातून येतो. पॉलिस्टर, नायलॉन, ॲक्रेलिक हे धागे खनिज तेलापासून कारखान्यात तयार होतात. म्हणजे ते प्लास्टिकच, फक्त धाग्याच्या रूपातलं. जॉर्जेटची साडी, मुलांचा चकचकीत टी-शर्ट, लोकरीसारखा दिसणारा स्वस्त स्वेटर, हे बहुतेक त्यातलेच. कापड घासलं, आपटलं, पिळलं की त्यातून बारीक तंतू सुटतात. सुती कापडातूनही सुटतात, पण कापसाचा तंतू माती-पाण्यात कुजून जातो. प्लास्टिकचा तंतू कुजत नाही. तुकडे होत होत आणखी बारीक होतो, एवढंच.

किती तंतू सुटतात? इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली हे मोजलं. मशीनमध्ये सहा किलो कपडे एकदा धुतले, तर ॲक्रेलिकमधून सात लाखांहून जास्त तंतू निघू शकतात, पॉलिस्टरमधून पाच लाखांच्या जवळपास, आणि पॉलिस्टर-सुती मिश्र कापडातून सुमारे एक लाख अडतीस हजार. निसर्गरक्षणाचं काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संघटनेने २०१७ साली आणखी एक अंदाज दिला. बारीक कणांच्या रूपातच जे प्लास्टिक समुद्रात पोचतं, त्यातलं सुमारे ३५ टक्के कृत्रिम कपडे धुण्यातून येतं. हे कण माशांच्या पोटात, शिंपल्यांत आणि मिठातसुद्धा सापडले आहेत. दर्याकडे गेलेलं आपलं धुणं असं मिठाच्या चिमटीतून परत येतं.

आमच्या गटातल्या एका वहिनींचं माहेर कोकणातलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे तर आख्खी जाळीच दर्यात पडलेली असतात." खरं आहे. मासेमारीची जाळी आता नायलॉनची असतात. तुटलेलं जाळं पाण्यात राहिलं की ते कुणी न ओढताही मासे आणि कासवं अडकवत राहतं. चालू जाळ्यातही कासव सापडतं. असं संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये आणली. गरिबाचं जाळं म्हणजे त्याचं भांडवल. ते सांभाळलं तरच तो कासव सांभाळेल.

या जाळ्यांपासून कापडही होतं. इटलीतली एक कंपनी २०११ पासून जुनी जाळी आणि नायलॉनचे गालिचे गोळा करून, ते विरघळवून पुन्हा नवा धागा काढते. त्याला 'इकोनिल' म्हणतात. पोहण्याचे कपडे, जाकिटं त्याची होतात. प्लास्टिकच्या बाटल्या वितळवूनही पॉलिस्टरचा धागा काढतात. चांगलं काम आहे, कारण जाळं आणि बाटली समुद्राबाहेर राहते. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. बाटलीचा शर्ट झाला तरी धुताना त्यातून तंतू सुटतातच. म्हणून 'पर्यावरणपूरक' असं लेबल दिसलं की आपण विचारायचं, कापड कशाचं आहे आणि ते धुणार कसं?

आता आमच्या गटाची गोष्ट सांगते, कारण हे सगळं आम्हाला पैशात मोजावं लागलं.

गटाने कर्ज काढून तीन शिलाई मशीन घेतल्या. पहिल्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून 'प्युअर कॉटन' म्हणून ठाणं आणली, परकर शिवले, बाजारात सुती म्हणून विकले. उन्हाळ्यात दोन-तीन बायका परकर परत घेऊन आल्या. मांड्यांना घामोळं आलं होतं. एक काकू सरळ म्हणाल्या, "तुम्ही पण फसवायला लागलात का गं?" ते शब्द फार लागले. मग आम्ही धागा जाळून पाहिला, आणि कापड मिश्र निघालं. व्यापाऱ्याने आम्हाला फसवलं होतं, आणि न कळत आम्ही आमच्याच बायकांना.

ही परीक्षा तुम्हीही करा. कापडाच्या कडेचे चार धागे काढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याची ताटली ठेवा, लेकरं लांब ठेवा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो, राख बोटाने चुरगळते. पॉलिस्टर वितळतं, आकसतं, प्लास्टिकचा वास येतो आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. राख थोडी आणि मणी थोडा, तर कापड मिश्र. उभा आणि आडवा, दोन्ही धागे जाळून बघा.

दुसऱ्या वर्षी दिवाळीसाठी २०० परकर शिवायचे होते. कापड लागणार ४०० मीटर. खरं सुती ७५ रुपये मीटर, मिश्र ५० रुपये. म्हणजे सगळं सुती घेतलं तर १० हजार रुपये जास्त. हप्ता तोंडावर. बैठकीत वाद झाला. कुणी म्हणालं, समुद्राची काळजी करण्याइतके आपण श्रीमंत आहोत का? कुणी म्हणालं, पावसात भांगलायला जायचं तर पटकन वाळणारंच कापड बरं. दोघींचंही खरं होतं. कष्ट करणाऱ्या बाईने पॉलिस्टर घातलं म्हणून तिला कुणी नावं ठेवू नयेत.

शेवटी १०० सुती आणि १०० मिश्र असं ठरलं. प्रत्येकाच्या नेफ्यावर चिठ्ठी शिवली, 'सुती' किंवा 'मिश्र'. सुती परकराला ५० रुपये जास्त खर्च आला, किंमत आम्ही ४० रुपयेच वाढवली. मिश्र सगळे दिवाळीत गेले. सुती ३० उरले, आणि त्या महिन्याचा हप्ता भरायला बचतीतून पैसे काढावे लागले. ते ३० परकर उन्हाळ्यात गेले. आणि त्याच काकू पुन्हा आल्या. चिठ्ठी वाचून, धागा जाळून बघून मगच दोन घेऊन गेल्या. यंदा १४० सुती करायचं ठरलंय.

कापूस म्हणजे सगळं निर्मळ, असंही मी म्हणणार नाही. त्याच्यावर फवारणी होते. विदर्भातला कापूस बहुतेक पावसावर पिकतो, पण पीक गेलं तर शेतकरी मोडतो. म्हणून सुती कापड घेतलं तरी ते शेवटपर्यंत वापरणं हेच खरं. नव्याने घ्यायचा कपडा जितका कमी, तितकी नदी आणि शेत दोन्ही मोकळी.

घरी काय करता येईल? सहा गोष्टी सांगते.

पहिली, अंगाला लागून असणारे कपडे, बाळाचे कपडे आणि झोपताना घालायचे कपडे शक्यतो सुती घ्या.

दुसरी, स्वेटर, शाल, जॉर्जेटची साडी एकदा अंगावर घातली की लगेच धुवू नका. वाऱ्यावर टाका, डाग असेल तर तेवढाच धुवा.

तिसरी, कृत्रिम कपडे दगडावर आपटू नका, ब्रशने खरवडू नका. चीनमधल्या संशोधकांनी २०२३ साली दाखवलं की हाताने धुतल्यावर मशीनपेक्षा बरेच कमी तंतू सुटतात, पण घासायच्या फळीवर रगडलं की वाढतात. गार पाण्यात हलक्या हाताने चोळा.

चौथी, धुण्याचं पाणी ओढ्यात सोडण्याऐवजी शोषखड्ड्यात जाऊ द्या. तंतू बरेचसे तिथेच अडकतील. ग्रामपंचायतीकडे शोषखड्ड्याच्या योजनेची चौकशी करा. मशीन असेल तर जाळीतला लगदा मोरीत धुवू नका, सुक्या कचऱ्यात टाका.

पाचवी, पॉलिस्टरच्या चिंध्या चुलीत घालू नका. तो धूर प्लास्टिकचा असतो आणि चुलीपुढे आपणच बसलेलो असतो.

सहावी, चिंध्यांची वाटणी करा. सुती तुकड्यांची गोधडी, बाळाची दुपटी, भांडी पुसायचं फडकं. कृत्रिम तुकड्यांच्या पिशव्या, पायपुसणी, उशीत भरायला. म्हणजे ज्या वस्तू कमी धुतल्या जातात, त्यात ते कापड घालायचं.

गोधडी शिवताना आपली आजी काही समुद्राचा विचार करत नव्हती. तिच्याकडे कापड कमी होतं आणि टाकायची सवय नव्हती, म्हणून एक लुगडं आधी नेसायला, मग पांघरायला, मग पुसायला, असं तीन जन्म जगायचं. आता कापड स्वस्त झालंय आणि सवय सुटलीय. सवय परत आणायला पैसे लागत नाहीत.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरातून एका कपड्याचे चार धागे आणा. चिमटा, काडेपेटी आणि पाण्याची ताटली मधे ठेवा आणि आधी ओळखायची पैज लावा, सुती की मिश्र? आमच्याकडे त्या प्रश्न विचारणाऱ्या मावशीच सगळ्यात जास्त वेळा जिंकल्या. आता त्या बाजारात दुकानदारासमोरच कडेचा धागा मागतात.

भेटू पुढच्या महिन्यात. नमस्कार.