उदमांजर आणि घरपरिसर

उदमांजर : स्तनी वर्गाच्या मांसाहारी गणातील व्हायव्हेरिडी कुलातील एक निशाचर प्राणी. शास्त्रीय नाव पॅराडॉक्झूरस हर्माफ्रोडायटस. कोकणात यास कांडेचोर असेही म्हणतात. नावात मांजर असले, तरी खऱ्या मांजरांच्या फेलिडी कुलाहून त्याचे कुल वेगळे आहे. भारताच्या बहुतेक भागांत तो आढळतो. अमेरिकेत घराच्या माळ्यावर शिरणाऱ्या ऑपॉसम या शिशुधान प्राण्याविषयी जे प्रश्न उद्‌भवतात, तेच महाराष्ट्रात प्रामुख्याने उदमांजराविषयी उद्‌भवतात.

डोक्यासह शरीराची लांबी सु. ४५–७० सेंमी. असून शेपूट जवळजवळ तितकेच लांब असते. वजन २ ते ५ किग्रॅ. भरते. रंग करडा-तपकिरी असून पाठीवर गडद पट्टे व बाजूंवर ठिपके असतात. पाय काळे असतात. शेपटीवर वलये नसतात. यावरून वलयांकित शेपटीचे जवादी मांजर वेगळे ओळखता येते. फळे, उंदीर, कीटक, अंडी व लहान पक्षी हे त्याचे खाद्य होय. मादीला एका वेळी २ ते ५ पिले होतात.

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगररांगेवर, धुळे–सोलापूर महामार्गावर वसलेल्या मांजरसुंब्यासारख्या गावांत त्याला हवे ते सारे एकत्र मिळू शकते : डोंगरातील सीताफळे, परसातील पपई, धाब्यांमागे टाकलेले उष्टे, धान्याभोवतीचे उंदीर आणि दिवसा दडण्यास माळवदाची पोकळी, पत्र्याखालचा माळा किंवा कडब्याची गंज. रात्री माळ्यावरून येणारी धावपळ, ठरावीक जागी पडणारी बियांनी भरलेली विष्ठा आणि उग्र वास ही त्याच्या वास्तव्याची लक्षणे होत.

पिंजऱ्यात पकडून दूर सोडणे हा लोकप्रिय, पण सदोष उपाय आहे. खाद्य व वाट कायम राहिल्यास मोकळी झालेली जागा दुसरे उदमांजर घेते. मादी पकडली गेल्यास माळ्यावरील पिले उपाशी मरतात. तीच गत भोक घाईने बुजविल्यास होते. म्हणून भोक बुजविणे हा शेवटचा टप्पा समजावा. प्रथम सायंकाळी भोकाच्या तोंडाशी राख पसरावी व बाहेर पडणारे ठसे पाहावेत. नंतर भोकात गवताचा सैल बोळा बसवावा. तो दोन-तीन रात्री जसाच्या तसा राहिला व आतून पिलांचा आवाज आला नाही, तरच जागा रिकामी मानून ती मजबूत तारेच्या जाळीने बंद करावी. पिले असल्यास ती आईमागे हिंडू लागेपर्यंत, म्हणजे साधारणपणे दोन-तीन महिने, थांबावे. रात्रभर दिवा ठेवल्यानेही जागा त्याला गैरसोयीची होते. मिरचीची धुरी मात्र पिलांना घातक ठरते.

छपरावर आलेल्या फांद्या छाटाव्यात. एकट्या उभ्या फळझाडाच्या बुंध्याला गुळगुळीत पत्र्याचा रुंद पट्टा गुंडाळावा. सीताफळाचे डोळे उघडताच फळ उतरवावे. गळालेली फळे उचलावीत. कोंबड्यांचे खुराडे जाळीने बंद करून रात्री कडी लावावी. हौदात तिरपी फळी टाकून ठेवल्यास पडलेला प्राणी स्वतः वर येतो.

एकटे पिलू सापडल्यास ते लगेच घरात आणू नये किंवा त्यास गाईचे दूध पाजू नये. टोपलीत घालून त्याच जागी ठेवावे व कुत्री बांधून ठेवावीत. मादी बहुधा रात्री त्यास घेऊन जाते. जखमी प्राण्यास उघड्या हातांनी धरू नये. त्यासाठी वनविभागाच्या १९२६ या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे. चावा घेतल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ दवाखान्यात जावे. अलर्क रोगाचा धोका असतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हा प्राणी संरक्षित असून त्यास मारणे, फासा किंवा विष लावणे हा गुन्हा आहे. परवानगीवाचून पकडणेही कायद्याला धरून नाही. उंदीर खाऊन तो धान्याचे रक्षण करतो. खाल्लेल्या फळांच्या बिया विष्ठेवाटे दूरवर पडून रुजतात. बालाघाटाच्या उघड्या माळांवर झाडे वाढण्यास हे साहाय्यक ठरते. थोडी फळे गमावून मिळणारा हा मोबदला लहान नव्हे.