घरांतील जुनी रायफल : सेफ्टी आणि मॅगझीन

कोल्हापुराहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडे, मलकापूर लागतें. १८४४ सालच्या बंडानंतर विशाळगडाची मोडतोड झाली आणि तेथील प्रतिनिधींच्या जहागिरीचें ठाणें या गांवीं आलें. भोंवतालचा शाहूवाडी तालुका डोंगराचा व रानाचा. शेतांत डुकरें शिरतात. शिवाय कोल्हापूर जिल्ह्यांत पलटणींत चाकरी केलेल्यांचीं घरेंही कमी नाहींत. अशा मुलुखांत परवान्याची जुनी बंदूक ही कांहीं नवलाची वस्तु नव्हे. ती बाळगणाऱ्या कुटुंबांतील सर्वांनीं जाणून घ्याव्या अशा दोन लहान भागांविषयीं आम्ही आज लिहीत आहों. एक सेफ्टीचा खटका, दुसरें मॅगझीन.

आपल्या देशांत ज्या रायफलीचा वावर सर्वांत अधिक झाला ती ‘थ्री-नॉट-थ्री’, म्हणजेच ली-एन्फिल्ड. जेम्स पॅरिस ली यानें काढघाल करतां येणाऱ्या मॅगझीनचें पेटंट १८७९ सालीं घेतलें. १८९५ सालीं त्याच्याच रचनेवर ली-एन्फिल्ड निघाली आणि १९०४ सालीं तिची आंखूड आवृत्ति आली. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यांतही ती होऊं लागली. तिच्यावर राजमुकुटाचा छाप असेल तर ती पारतंत्र्यांतली, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर स्वातंत्र्यानंतरची, इतकें सामान्य माणसालाही ओळखतां येतें. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईवर हल्ला झाला तेव्हांही पुष्कळ पोलिसांच्या हातीं हीच रायफल होती. लष्करी मापाची म्हणून ती खाजगी माणसास सहसा मिळत नाहीं; परवानेदाराच्या घरीं असते ती बहुधा ‘थ्री-फिफ्टीन’. परंतु तिचीही यंत्ररचना ली-एन्फिल्डचीच आहे.

या रचनेंत सेफ्टीचा खटका डाव्या अंगास, अंगठ्याजवळ असतो. पुढें लोटला कीं बार उडूं शकतो, मागें ओढला कीं बंद. वरून हा एकच तुकडा दिसतो, पण आंत त्याचे दोन भाग असतात. खटक्याच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असून त्यांवर दुसरा तुकडा बसतो. खटका फिरला कीं दांड्याचें टोंक मागील घोड्यास अडवितें आणि दुसरा तुकडा आंत सरकून बोल्टास फिरूं देत नाहीं. साफसफाईच्या वेळीं हे दोन भाग सुटे झाले तर खरी मेख पुढेंच आहे. हे आटे एकेरी नसल्यामुळें तुकडा त्यांवर एकाहून अधिक ठिकाणीं चढतो. बरोबर मात्र एकच ठिकाण. चुकीच्या आट्यावर चढविलेला तुकडाही बसल्यासारखा दिसतो, खटकाही फिरतो; आणि तरीही बोल्ट मोकळा राहूं शकतो. न मिळणारी सेफ्टी घरधन्यास निदान सावध करते; खोटी सेफ्टी त्यास निर्धास्त करते, म्हणून ती अधिक वाईट.

आतां मॅगझीन. हा शब्द मूळ अरबी, कोठार या अर्थाचा. वाचकांच्या हातीं असलेल्या मासिकासही इंग्रजींत तेंच नांव आहे. जुन्या ली-एन्फिल्डचें कोठार दहा काडतुसांचें. पहिल्या महायुद्धांतील नमुना आणि दुसऱ्या महायुद्धांतील ‘नंबर फोर’ या दोहोंचीं मॅगझीनें भावंडांसारखीं दिसतात, पण एकाचें दुसऱ्यास नीट चालेलच असें नाहीं. ईशापूरनें १९६० नंतरच्या दशकांत ७.६२ मिलिमीटर मापाची रायफल काढली. तिचें मॅगझीन बारा काडतुसांचें व अधिक चौकोनी आहे. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसास बुडाशीं कांठ असतो. वरच्याचा कांठ खालच्याच्या पुढें राहिला तरच तें सुखानें नळींत जातें, एरवीं अडकतें. काडतुसांस वाट दाखविणारे मॅगझीनचे वरचे ओठ किंचित् वांकले तरी हाच प्रकार घडतो. शिपायानें मॅगझीन बदलावें असा मूळ बेतच नव्हता. तो पांच-पांच काडतुसें वरूनच भरीत असे, आणि आरंभींच्या रायफलींस तर मॅगझीन कडीनें अडकविलेलें असे. म्हणून बाजारांतून सारखें दिसणारें मॅगझीन आणून ओठ पक्कडीनें वांकवून बसविण्याचा खटाटोप कोणीं करूं नये.

परंतु सर्वांत मोठा गैरसमज निराळाच आहे. मॅगझीन काढलें म्हणजे बंदूक रिकामी झाली, असें सुशिक्षित माणसेंही मानतात. तें खरें नाहीं. एक काडतूस नळींत आधींच चढलेलें असेल तर तें तेथेंच राहतें आणि मॅगझीनवांचूनही उडतें. तेव्हां सेफ्टी काय म्हणते किंवा मॅगझीन कोठें आहे याला प्रमाण मानूं नये. नळीचें तोंड निर्जन बाजूस करून, बोट चापाबाहेर ठेवून, प्रथम मॅगझीन काढावें. मग बोल्ट उघडून नळीचें घर डोळ्यांनीं पाहावें. हें काम परवानेदाराचें. दुरुस्ती मात्र परवाना असलेल्या कारागिराची.

एकत्र कुटुंबांत आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. वाडा, जमीन, भांडीं सामाईक असतील. बंदुकीचा परवाना मात्र एकट्याच्याच नांवाचा असतो. तो गृहस्थ वारला कीं १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें ती बंदूक पोलीस ठाण्यांत किंवा परवानेदार विक्रेत्याकडे जमा करावी लागते. आजोबांची आठवण म्हणून ती माजघरांतील खुंटीवर ठेवतां येत नाहीं. पुरुष परगांवीं असतां घर स्त्रियांच्या व मुलांच्या हातीं असतें. काडतुसें कोठें आहेत आणि कपाटाची किल्ली कोणाकडे, हें घरांतील वडील स्त्रीस ठाऊक असलेंच पाहिजे. आणि शंका आल्यास हात न लावतां ठाण्यावर निरोप धाडावा, हें मुलांसही शिकविलें पाहिजे.