बुडी आधीची, बाप्तिस्मा नंतरचा

बाप्तिस्म्याची सुरुवात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानापासून झाली, असं सर्रास मानलं जातं. पण यहुदी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून शुद्धीसाठी ‘मिकवे’ या कुंडात बुडी मारत. पाणी पावसाचं किंवा झऱ्याचं हवं, निदान 40 सआ, म्हणजे काहीशे लिटर; घागरींनी भरलेलं चालत नसे. जेरुसलेममध्ये सापडलेल्या काही कुंडांच्या पायऱ्यांवर मधोमध बुटका कठडा आहे. एका बाजूने उतरायचं, दुसरीने शुद्ध होऊन वर यायचं, अशी ती सोय असावी. ही बुडी पुन्हापुन्हा घ्यावी लागे, आणि ज्याची त्यानेच. योहान मात्र यार्देन नदीत लोकांना स्वतः बाप्तिस्मा देई, पश्चात्तापाची खूण म्हणून. खरा फरक पडला तो इथे.

पहिल्या ख्रिस्ती मंडळ्या व्यवहारी होत्या. ‘दिदाखे’ या जुन्या नियमपुस्तिकेनुसार वाहतं पाणी उत्तम; नसेल तर दुसरं, गार न मिळाल्यास कोमट, आणि तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओतलं तरी चाले! तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याचा वादही जुनाच. इ.स. 200 च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने त्याची घाई नको, असं बजावलं होतं. बाप्तिस्म्याची सर्वांत जुनी ज्ञात खोली सीरियातल्या दुरा-युरोपोसची, तिसऱ्या शतकातली. तिची भित्तिचित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलादालनात आहेत.